एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर कबड्डीपटूने पोट-कमरेचे व्यायाम कधी आणि कसे सुरू करावेत?

मध्यरेषा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी २३ वर्षांचा असून जिल्ह्याच्या कबड्डी संघातून चढाई करतो. ११ आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यातील एसीएलची, म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड जोडणाऱ्या अस्थिबंधाची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्याच पायाच्या मांडीमागच्या स्नायूचा स्नायुबंध काढून तो ग्राफ्ट म्हणून बसवला आहे. गुडघ्यातील गादीला इजा झालेली नव्हती. मला कोणी पकडलेले असताना हा गुडघा गेला नाही, हे मुद्दाम सांगतो. बोनस रेषेवर पाय टाकून मी मध्यरेषेकडे वळत होतो, तेव्हा उजवे पाऊल मॅटवर रुतल्यासारखे जागीच राहिले, अंग मात्र वळले, आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला.

सध्या सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो, बराचसा वाकतो आणि चालताना मी लंगडत नाही. आठवड्यातून दोन दिवस फिजिओकडे जातो. तिथला बहुतेक वेळ मांडीच्या पुढच्या स्नायूंवरच खर्च होतो, कारण उजवी मांडी डाव्या मांडीपेक्षा अजून उघड बारीक दिसते. उरलेल्या दिवसांत गावातल्या जिममध्ये जातो. 'पायाचे काही करता येत नाही तर निदान कोअर पक्का करून घे' असे म्हणून तिथल्या प्रशिक्षकांनी पाय दाबून धरून सिट-अप्स, दोन्ही पाय एकदम वर उचलणे, बसून वजनासह कंबर दोन्हीकडे वळवणे आणि प्लँक (कोपर व पायांची बोटे टेकवून अंग ताठ धरणे) असा कार्यक्रम दिला आहे. प्लँक मी आता ३ मिनिटे धरतो. मात्र दोन आठवड्यांपासून कंबर दुखू लागली आहे, आणि आठवडाभर मी सिट-अप्स व पाय उचलणे बंद ठेवल्यावरही ती पूर्ण थांबलेली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पोट-कमरेच्या ताकदीचा गुडघ्याशी खरोखर संबंध असतो का? असेल तर या टप्प्यावर कोणते व्यायाम करावेत आणि कोणते टाळावेत? आणखी ५ महिन्यांनी निवड चाचणी आहे. तेव्हा शस्त्रक्रियेला साधारण साडेसात महिने झालेले असतील. कुस्तीपटू विनेश फोगाट ८ महिन्यांत ऑलिम्पिकसाठी पात्र ठरली, मग तू का नाही, असे संघातले मित्र विचारतात. त्यांना काय उत्तर द्यावे, तेही कृपया सांगावे.

गुडघा ते खुबा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये कबड्डी व फुटबॉल खेळणारे पुष्कळ असतात. आपला गुडघा मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढे लिहिलेले सर्व आपल्या शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना व फिजिओना दाखवूनच अमलात आणावे. ही विनंती मी केवळ औपचारिकता म्हणून करीत नाही. ग्राफ्ट कोणता आहे आणि गादी शिवली आहे की नाही, यावर व्यायामाची निवड खरोखरच बदलते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि आपण सांगितलेल्या दुखापतीतच ते दडलेले आहे. पाऊल जमिनीवर टिकले, धड पुढे निघून गेले, आणि या दोहोंमधला फरक गुडघ्याला सोसावा लागला. एसीएल नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि त्याचे वळणेही आवरते. एका पायावर उतरताना किंवा दिशा बदलताना धड त्याच पायाच्या बाजूला बाहेर झुकले, की शरीराचा भार गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाऊ लागतो आणि गुडघा आत कोसळण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील येल विद्यापीठात २७७ विद्यार्थी-खेळाडूंच्या धडाला ताण देऊन तो ताण अचानक सोडण्यात आला, धड किती हलते ते मोजले गेले आणि मग तीन वर्षे त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. ज्यांचे धड अधिक हलले त्यांना, विशेषतः मुलींना, गुडघ्याच्या दुखापती अधिक झाल्या, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. मात्र त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तो अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंचा नव्हता, आणि केवळ पोटाचे व्यायाम करून ग्राफ्ट वाचतो असेही त्यातून सिद्ध होत नाही.

आता जिममधल्या कार्यक्रमाविषयी. चढाई करताना आपल्याला पोट आकुंचित करून उठून बसायचे नसते. कोणी घोट्याला धरलेले असताना, कोणी कमरेला मिठी मारलेली असताना धड जागच्या जागी ठेवायचे असते. धडाच्या स्नायूंचे मुख्य काम हालचाल घडवणे हे नसून नको ती हालचाल होऊ न देणे हे आहे. पाय दाबून धरलेल्या सिट-अप्समध्ये बरेचसे काम खुब्याच्या पुढचे स्नायू करतात आणि कंबर वारंवार वाकत राहते. दोन्ही पाय एकदम खाली आणताना पोटाचा ताबा सुटला की कंबरेखाली कमान पडते, आणि आपले दुखणे बहुधा तिथूनच आले असावे. बसून वजनासह वळणे तूर्त थांबवावे.

प्लँकची ३ मिनिटेही सोडून द्यावीत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल सुमारे १० सेकंदांच्या थोड्या थोड्या पकडी (म्हणजे शरीर त्या स्थितीत धरून ठेवणे) आणि दर फेरीला त्यांची उतरती संख्या सुचवतात. मी पहिल्या फेरीत ६, दुसरीत ४ आणि तिसरीत २ अशा पकडी करून घेते. १० सेकंद पूर्ण ताठ राहिलेले धड मला कमरेतून झोळ पडलेल्या ३ मिनिटांहून अधिक उपयोगी वाटते.

आपल्या टप्प्यावर मी सहसा पाठीवर झोपून सुरुवात करते. दोन्ही गुडघे वाकवावेत, हात छताकडे धरावेत, कंबर आणि सतरंजी यांच्यातली पोकळी श्वासाबरोबर वाढू न देता एक हात डोक्यामागे न्यावा आणि त्याच वेळी विरुद्ध पायाची टाच सतरंजीवरून सरकवत पाय लांब करावा. ही हालचाल सहज जमली की पाय अधांतरी ठेवून करावी. इंग्रजीत याला 'डेड बग' म्हणतात. दुसरा व्यायाम उभ्याने करायचा. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधावा, खिडकीकडे कूस करून उभे राहावे, पट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरावा आणि हात हळूहळू समोर लांब करावेत. पट्टा धडाला खिडकीकडे फिरवू पाहतो आणि आपण फिरायचे नाही, एवढेच. दिसायला हा व्यायाम किरकोळ असला तरी मॅटवर आपल्या बाबतीत नेमके जे घडले त्याचे उत्तर यातच आहे.

कुशीवरच्या प्लँकबाबत मात्र सांभाळावे लागेल. पाय लांब ठेवून केलेल्या प्रकारात खालच्या पायाच्या गुडघ्यावर आडवा ताण येतो, म्हणून आधी गुडघे वाकवून, उजव्या गुडघ्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवून करावा. बाकावर वरचा पाय ठेवून मांडीच्या आतल्या स्नायूंसाठी केला जाणारा कोपनहेगन प्लँक इतक्यात घोट्याच्या आधाराने मुळीच करू नये. पुढे करायचाच झाला तर बाकाचा आधार गुडघ्याच्या वर, मांडीला द्यावा. गुडघ्यांवर रांगत करायचे व्यायाम टाक्यांवर दाब आल्यामुळे अनेकांना दुखतात. ज्यांचा ग्राफ्ट वाटीखालच्या स्नायुबंधातून घेतलेला असतो त्यांना तर ते अधिकच दुखतात. अशा वेळी टेबलावर कोपर टेकवून, उभ्यानेच एक पाय मागे नेता येतो. नडगीच्या वरच्या भागात टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागत असेल तर घाबरू नये, तिथली बारीक संवेदनावाहिनी शस्त्रक्रियेत दुखावली जाणे नेहमीचे आहे.

नितंब उचलण्याच्या व्यायामात टाचा नितंबांच्या जवळ ठेवाव्यात. टाचा लांब नेल्या की मांडीमागचे स्नायू जास्त कामाला लागतात, आणि आपल्या बाबतीत ग्राफ्ट तिथूनच घेतलेला आहे. चेंडूवर टाचा ठेवून पाय ओढणे, किंवा घोटे धरून ठेवून पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम, हे आपल्या फिजिओंच्या परवानगीशिवाय सुरू करू नयेत.

वजन आणि माप

मी ताकदीच्या प्रशिक्षणाचे काम करतो. वरील प्रतिसाद योग्यच आहे, तरी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. पोट-कमरेचे व्यायाम मांडीच्या व्यायामांच्या जागी येऊ शकत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि दुखणे यांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूंना मिळणारी आज्ञाच क्षीण होते. ते स्नायू मागे राहिले तर धड कितीही ताठ असले तरी उतरण्याचा भार पेलला जात नाही. आपली मांडी अजून बारीक दिसते, म्हणजे फिजिओंनी ठरवलेला क्रम बरोबर आहे. आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या व्यायामानंतर १५ मिनिटे धडाला द्यावीत. त्याहून जास्त वेळ मिळत असेल तर तो झोपेला द्यावा.

खुंटावरचा

तुझ्या वयाचा मुलगा असल्यासारखा एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. मी खो-खो खेळायचो आणि आता शाळेत मुलांना शिकवतो. माझ्या डाव्या गुडघ्याची हीच शस्त्रक्रिया झाली होती. 'सहा महिने झाले की खेळ' एवढेच वाक्य मला घरी जाताना ऐकवण्यात आले आणि मी ते शिरसावंद्य मानले. घरी रोज प्लँक धरायचो, पाच मिनिटांपर्यंत पोचलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता. सहा महिने पूर्ण झाले त्याच आठवड्यात मैदानात उतरलो. चौथ्या की पाचव्या सरावाला खांबापाशी वळताना धड बाहेर फेकले गेले, डावा पाय वाचवण्यासाठी मी सगळा भार उजव्यावर घेतला आणि उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झालेला गुडघा शाबूत होता, दुसराच फाटला. असे होऊ शकते हे मला कोणीही सांगितले नव्हते, म्हणून तुला सांगतो आहे.

दुसऱ्या खेपेला ज्या फिजिओताई लाभल्या त्यांनी मला प्लँक धरायला लावलाच नाही. त्यांनी सांगितले, बादली अर्धी भरा, एका हातात घ्या आणि अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत चाला. दुसरा हात मोकळा ठेवायचा, खांदे समान ठेवायचे आणि पाणी हिंदकळू द्यायचे नाही. मला वाटले, ही काय शिक्षा आहे? पहिल्या दिवशी उजव्या हातात बादली असताना पाणी शांत राहायचे, आणि डाव्या हातात घेतली की प्रत्येक पावलाला डचमळून माझ्या पोटरीवर यायचे. डाव्या पायावर भार आला की माझी कंबर एका बाजूला खचत होती, आणि हे आरशात मला कधीच दिसले नव्हते. पाच मिनिटांच्या प्लँकनेही दिसले नव्हते. दोन महिन्यांनी दोन्ही हातांतले पाणी सारखेच शांत झाले. आजही गुडघा दुखवून आलेल्या मुलाला मी आधी बादली देतो.

गुडघा ते खुबा

बादलीचा व्यायाम मीही सांगते आणि आपल्या टप्प्यावर तो चालण्यासारखा आहे. सुरुवात ५ किलोच्या आसपासच्या वजनाने करावी, आणि ओल्या फरशीवर करू नये.

विनेश फोगाटविषयी वर लिहायचे राहिले. तिची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बिश्केकच्या आशियाई पात्रता स्पर्धेत तिने पॅरिस ऑलिम्पिकची जागा मिळवली, हे खरे आहे आणि तिच्या जिद्दीला मनापासून दाद द्यावी अशीच ही गोष्ट आहे. पण दिवसभर दुसरे काही न करता केवळ सावरण्याचेच काम करणारी ऑलिम्पिक खेळाडू आणि आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जाणारा खेळाडू यांची दिनदर्शिका एक असू शकत नाही. नॉर्वेतील १०६ खेळाडूंच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ९ महिने पूर्ण होईपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. मित्रांना हे सांगावे. साडेसात महिन्यांची निवड चाचणी सोडण्याचे दुःख मला कळते. तरीही माझा सल्ला ती सोडण्याचाच राहील. ९ महिन्यांनंतरसुद्धा दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांत उजवा पाय डाव्याच्या निदान ९० टक्के भरला, तरच मैदानाचा विचार करावा.

डावा कोपरा

मी बरीच वर्षे कबड्डीत बचावाचा डावा कोपरा सांभाळला आणि आता प्रशिक्षक आहे. वैद्यकीय भाग जाणकारांनी सांगितला आहे. मला फक्त चढाईविषयी बोलायचे आहे, कारण ती जिममध्ये कोणाच्या लक्षात येत नाही.

जिममध्ये ताठ राहायला सांगितले की सगळी मुले श्वास कोंडतात. चढाईत श्वास कोंडता येत नाही. ३० सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचे असते, म्हणजे श्वास सतत बाहेर जात असतानाच पोट घट्ट ठेवावे लागते. दम संपत आला की पोट सैल पडते आणि नेमके तेव्हाच मध्यरेषेकडे वळण्याची वेळ येते. मी कित्येक चढाईपटूंचे पाय असे शेवटच्या काही सेकंदांत चुकताना पाहिले आहेत. म्हणून माझ्याकडे पाठीवर झोपून करायचा तो वरचा व्यायाम मुले मोठ्याने दम घालतच करतात. आवाज तुटला किंवा कंबर उचलली गेली, की फेरी तिथे थांबते. गुडघ्यावर काही भार नसल्यामुळे हे तुम्हाला आजपासून करता येईल.

पुढचा टप्पा घाईने करू नका. धावणे सुरू झाल्यावर आणि फिजिओंनी होकार दिल्यावर मी खेळाडूच्या कमरेला जाड टॉवेल बांधतो, तो दोन्ही गुडघे किंचित वाकवून उभा राहतो आणि जोडीदार मागून, बाजूने, न सांगता ओढतो. सुरुवातीला दोन पायांवर आणि हलक्या हाताने. नंतर एक पाय पुढे टाकलेल्या स्थितीत. त्यानंतरच खऱ्या पकडी, त्याही आधी ठरवून दिलेल्या क्रमाने. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूच्या घोट्याला पहिल्याच दिवशी हात घालणारा जोडीदार मी सरावातून बाहेर काढतो.

मध्यरेषा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून मुद्दामच आता लिहितो आहे. सिट-अप्स, पाय उचलणे आणि वजनासह वळणे बंद केल्यापासून कंबरदुखी जवळजवळ गेली. दम घालत व्यायाम करताना पहिल्या दिवशी १२ सेकंदांतच आवाज तुटला, आता २५ सेकंदांपर्यंत जातो. निवड चाचणीला बसणार नाही, असे संघाच्या प्रशिक्षकांना कळवून टाकले आहे.

ताईंना एक विचारायचे होते. फिजिओंनी पायरीवरून हळू खाली पाय टेकवण्याचा व्यायाम दिला आहे. पायरी साधारण २० सेंटीमीटर उंच आहे. भावाने मोबाइलवर समोरून चित्रण केले तर गुडघा आत जात नाही आणि कंबरही समान दिसते. पण बाजूने चित्रण केले तेव्हा उजव्या पायावर असताना माझी छाती पुष्कळ पुढे झुकलेली दिसते, डाव्या पायावर तशी झुकत नाही. हेही पोट-कमरेच्या अशक्तपणामुळेच होते का?

गुडघा ते खुबा

बाजूने चित्रण करून घेतलेत हे फार चांगले केलेत, कारण पुष्कळ जण समोरचेच पाहून समाधान मानतात. हे बहुधा पोट-कमरेचे लक्षण नाही. छाती पुढे झुकली की भार गुडघ्यावरून खुब्याकडे जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे काम हलके होते. उजवी मांडी अजून अशक्त आहे म्हणून शरीराने स्वतःच ही पळवाट शोधली आहे, आणि धड जितके बळकट होईल तितकी ही पळवाट सफाईने वापरली जाईल. पोट-कमरेच्या व्यायामांत रमलेल्या खेळाडूंच्या बाबतीत मला नेमकी हीच काळजी असते. पायरीऐवजी १० सेंटीमीटर उंचीची भक्कम फळी घ्यावी. समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे छाती पुढे गेली तर कपाळ भिंतीला लागेल. तेवढ्याच उंचीवर ८ वेळा धड न झुकवता, टाच न आपटता उतरता आले की उंची २-३ सेंटीमीटरने वाढवावी. बाजूने केलेले चित्रण पुढच्या भेटीत आपल्या फिजिओंना अवश्य दाखवावे.